काल जिथे तिथेच

अप्पांच्या खुबेदुखीला ऊन चांगलं म्हणून त्यांची खुर्ची दक्षिणेच्या खिडकीशी ठेवली होती. ऑक्टोबरात ती खिडकीला लागून पहिल्या फरशीवर होती. नोव्हेंबरात दुसऱ्या फरशीवर गेली आणि डिसेंबर उजाडला तेव्हा तिसरीवर. खुर्ची मीच हलवत होते, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अप्पाच म्हणाले, "अगं, ऊन रोज आत शिरतंय. पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. डिसेंबरशी माझं जुनं वाकडं आहे. कामावरून निघावं तर बाहेर अंधार, सहा वाजता दिवे लावायचे, आणि दिवस कुणीतरी मधूनच कापून नेल्यासारखा वाटायचा. माझ्या मनात हिवाळा म्हणजे कमी ऊन, एवढंच समीकरण होतं. मग कमी झालेलं ऊन खोलीत जास्त आत कसं येतं, हा साधा प्रश्न इतक्या वर्षांत पडला नाही. उत्तरही साधंच. सूर्य खाली उतरतो, म्हणून त्याचे किरण तिरपे होतात आणि छज्जाखालून आत घुसतात.

"एकवीस तारखेपर्यंत येईल आत, मग मागे फिरेल," अप्पा म्हणाले.

"नेमका कधी फिरला ते कसं कळणार?"

"कळेल की. बघत बसायचं."

वडिलांच्या या वाक्यामुळे मी पुढचे तेरा महिने गच्चीवर काठी रोवून बसले. बघत बसून कळत नाही, हे सिद्ध करायचं एवढाच सुरुवातीचा हेतू होता.

लागणारं सामान घरातच निघालं. चार बाय अडीच फुटांचा प्लायचा तुकडा, एक सळई, रंगाचा रिकामा डबा आणि त्यात ओतायला थोडं सिमेंट. गच्चीच्या फरशीवरच खुणा करायचा बेत पहिल्याच दिवशी बारगळला, कारण पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार असतो. चालताना तो जाणवत नाही, पण पाणसळ ठेवली की बुडबुडा एका बाजूला पळतो. म्हणून प्लायखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत तो सपाट केला. सळई सरळ उभी आहे की नाही ते ओळंबा लावून पाहिलं. फळीपासून तिची उंची बरोबर ५० सेंटिमीटर ठेवली, म्हणजे पुढचा हिशेब सोपा. सावली दुपारी उत्तरेला पडणार, तेव्हा सगळी जागा उत्तरेला हवी असा विचार करून सळई फळीच्या अगदी दक्षिण कडेला उभी केली. या शहाणपणाची शिक्षा पुढे मे महिन्यात मिळाली.

आता उत्तर दिशा हवी. फोनमधलं होकायंत्र गच्चीवर तीन ठिकाणी तीन वेगळ्या उत्तर दिशा दाखवत होतं. पाण्याच्या टाकीचं लोखंड जवळ होतं, आणि तसंही होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी नव्हे. शेवटी जुनी रीत कामी आली. सळईभोवती दोरीने ६० सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढला. सकाळी सावली लांब असते आणि हळूहळू आखूड होत जाते. तिचं टोक कंसाला शिवलं तिथे एक खूण केली. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते. टोक कंसाला परत शिवलं तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, आणि तिच्या मध्यावरून सळईच्या पायापर्यंतची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. आपल्याकडे शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांच्या, काळापासून वेदी अशाच मांडत. जुन्या ग्रंथांतला शंकू, म्हणजे सावली मोजायची काठी, बारा अंगुळांचा असतो, माझा तेवढा शास्त्रोक्त नव्हता. अरबी ज्योतिर्विदांनी ही रीत उचलली आणि तिला 'हिंदी वर्तुळ' असं नावच दिलं.

त्या दिवशी एक गोष्ट कळली, पण तिचं मोल कळायला वर्ष जावं लागलं. भर दुपारी सावली सर्वांत आखूड केव्हा झाली हे तिच्याकडे टक लावून पाहिलं तर सांगता येत नाही. पंधरा-वीस मिनिटं तिची लांबी बदलतच नाही असं वाटतं. पण सकाळची एक आणि दुपारची एक, अशा दोन सारख्या सावल्या घेतल्या की मध्य आपोआप हातात येतो.

पुढची अडचण म्हणजे सावलीला कडा नसते. हे मला पन्नाशीत कळलं, ही थोडी लाजेचीच गोष्ट. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सळईच्या टोकाची सावली काळी संपत नाही, विरत जाते. माझ्या फळीवर ती डिसेंबरात जवळजवळ आठ मिलिमीटर विरत होती. पेन्सिलने खूण करायची तरी कुठे? दोन दिवस अंदाजाने ओढल्यावर सळईच्या डोक्यावर जाड कागदाचा तुकडा आडवा चिकटवला आणि त्याला सुईने भोक पाडून थोडं रुंद केलं. भोकातून खाली ओळंबा सोडून फळीवर शून्याची खूण केली. आता कागदाच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा एक गोल पडायला लागला, शर्टाच्या लहान बटणाएवढा. भोक मी वेडंवाकडं पाडलं होतं, तरी ठिपका गोलच. कारण तो भोकाचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. दाट झाडाखाली जमिनीवर जे कवडसे पडतात, त्यांतले बहुतेक गोल का असतात त्याचं कारणही हेच.

याच युक्तीचं भव्य रूप इटलीत बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये आहे. खगोलज्ञ जोव्हान्नी कासिनीने १६५५ मध्ये तिथे छतात एक भोक ठेवलं आणि खाली फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेषा आखून घेतली. दुपारी सूर्याचा गोल त्या रेषेवरून सरकतो. उन्हाळ्यात भिंतीजवळ, हिवाळ्यात पार दुसऱ्या टोकाला. अख्खं चर्च म्हणजे एक छिद्र-कॅमेरा. तो गोल ऋतूगणिक किती लहानमोठा होतो हे मोजून कासिनीने केप्लरच्या मताला बळ दिलं, की अंतर बदलतं तसा वेगही खरोखरच बदलतो. सूर्य जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याला सर्वांत जवळ असतो, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी पडते तेव्हा सूर्य उलट जवळ आलेला असतो. शाळेत हे शिकले असणार, पण डोक्यात 'थंडी म्हणजे सूर्य लांब' हेच घट्ट बसलेलं होतं. ऋतू होतात ते पृथ्वीच्या आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. जवळ असताना पृथ्वी वेगानेही धावते, म्हणून उत्तरेतला हिवाळा, म्हणजे अयनापासून (सर्वांत लहान दिवस) संपातापर्यंतचा (दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) काळ, ८९ दिवसांतच उरकतो आणि उन्हाळा साडेत्र्याण्णवपर्यंत रेंगाळतो. डिसेंबरशी वाकडं असलेल्या माणसाला ही बातमी फार उशिरा मिळाली.

तर २१ डिसेंबर. दुपारी ठिपका रेषेवर आला, शून्यापासून ४४.९ सेंटिमीटर. खूण केली. दुसऱ्या दिवशी गेले, ठिपका त्याच खुणेवर. तिसऱ्या दिवशी तिथेच. चौथ्या दिवशी मला वाटलं की सरकला, पण परत मोजलं तर माझाच डोळा सरकला होता. अप्पा रोज खालून विचारायचे, "फिरला का?" आणि मी वरून सांगायची, "नाही अजून." आठवडा असाच गेला. वहीतल्या त्या पानावर ओळीने एकच शेरा आहे: काल जिथे तिथेच.

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजची वास्तू इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० मध्ये बांधलेली, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. मातीच्या मोठ्या ढिगाऱ्याच्या पोटात १९ मीटर लांब दगडी वाट आणि आत एक खोली. दाराच्या वर एक चौकोनी झरोका आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून थेट आतल्या खोलीपर्यंत पोचतो आणि सुमारे १७ मिनिटं राहतो. आधुनिक काळात हे प्रथम पाहिलं ते पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी, २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. मला त्यातली वेगळीच गोष्ट भावते. तो किरण फक्त २१ तारखेला येत नाही, आधीनंतरचे काही दिवसही येतो. एवढे प्रचंड दगड रचणाऱ्यांनाही तो एक दिवस चिमटीत पकडता आला नाही. सूर्यानेच पकडू दिला नाही.

कारण हिशेबातच आहे. अयनदिनाच्या आधीचे दहा दिवस आणि नंतरचे दहा दिवस मिळून माझ्या फळीवरचा ठिपका जेमतेम सात मिलिमीटर पुढे जातो आणि तेवढाच मागे येतो. ठिपक्याची रुंदीच तेवढी. झोका टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो ना, तसं. फक्त इथला क्षण दोन-तीन आठवड्यांचा. लॅटिनमधला या दिवसाचा शब्द सूर्याच्या थांबण्यावरून आला आहे. आपण त्याला अयन म्हणतो. अयन म्हणजे जाणं, वाटचाल. एकाच घटनेकडे पाहून एकाला सूर्य थांबलेला दिसला आणि दुसऱ्याला निघालेला. गच्चीवर वाकून कंबर धरलेल्या मला तेव्हा पहिलाच शब्द पटत होता.

जानेवारी संपताना ठिपका चालायला लागला आणि मी रोजचं सोडून रविवारचा नेम धरला. इथे माझी चूक झाली. २१ डिसेंबरला ठिपका रेषेवर आला तेव्हा घड्याळात जी वेळ होती, तीच मी कायमची ठरवून टाकली. गजर लावायचा, वर जायचं, खूण करायची, खाली यायचं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खूण रेषेपासून चांगली चार सेंटिमीटर पश्चिमेला पडली. मला वाटलं फळी हलली. मग वाटलं टाकी साफ करायला आलेल्या मुलाने डब्याला पाय लावला असणार. त्याला विचारलंसुद्धा, आणि तो बिचारा नसती आफत म्हणून माफी मागून गेला. ओळंबा लावला तर सळई सरळ. वर्तुळ पुन्हा काढलं तर रेषाही बरोबर.

चुकत होतं घड्याळ. म्हणजे घड्याळही बरोबरच होतं, पण सूर्य घड्याळाचं ऐकत नाही. एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ २४ तास असतो ही सरासरी झाली. डिसेंबरच्या अखेरीस तो २४ तासांहून जवळपास अर्धा मिनिट जास्त असतो. एक तर पृथ्वी तेव्हा सूर्याजवळ असल्याने भराभर धावत असते, आणि अयनाच्या सुमारास सूर्याचं ताऱ्यांमधलं सरकणंही जवळजवळ सगळं पूर्वेकडे होत असतं. दोन्ही कारणं एका बाजूला पडतात आणि मध्यान्ह रोज थोडी उशिरा होत जाते. अर्धा-अर्धा मिनिट साठत फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं मागे पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोच १६ मिनिटं पुढे असतो. वर्षभर ठरावीक वेळेला खुणा केल्या तर एक लांबोडका इंग्रजी आठचा आकडा उमटतो. त्या आकड्याची सुरुवात मी मुलाच्या माथी मारली होती. पुढच्या वेळी तो आला तेव्हा फळी दाखवून सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझी चूक नव्हती ना?"

यातून माझ्या सहा वाजताच्या अंधाराचाही उलगडा झाला. मध्यान्हच रोज उशिरा सरकत असेल तर तिच्याबरोबर सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही सरकणार. म्हणून सर्वांत लवकरचा सूर्यास्त सर्वांत लहान दिवशी होत नाही, त्याच्या आधीच होऊन जातो. चाळीस अक्षांशांवर तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतो. विषुववृत्ताकडे यावं तसा आणखी आधी. माझ्याकडे तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच. म्हणजे डिसेंबरभर मी ज्या संध्याकाळींना नावं ठेवत होते, त्या तेव्हा मिनिटामिनिटाने लांबत होत्या. आखडत होती ती सकाळ, आणि ती पुढे जानेवारीच्या मध्यापर्यंत आखडतच राहते. सकाळी मी झोपलेली असते, त्यामुळे तिची तक्रार कधी केली नाही.

मार्चात मात्र धांदल उडाली. डिसेंबरात वीस दिवस जागचा न हलणारा ठिपका आता एका दिवसात चार मिलिमीटर सरकत होता, आठवड्याला पावणेतीन सेंटिमीटर. एक रविवार चुकला तर खुणांमध्ये दात पडल्यासारखी फट दिसायची. याच दिवसांत समोरच्या पिंपळाने पानं टाकली. दरवर्षी टाकतच असणार. पण या वेळी मी दर रविवारी दुपारी गच्चीवर होते, म्हणून पाहिलं. आधी वरच्या फांद्या उघड्या पडल्या, आठवडाभर झाड अगदी हाडांचं झालं आणि मग तांबूस पालवी आली, इतकी पातळ की उन्हात तिच्या शिरा मोजाव्यात. वहीत सेंटिमीटरशेजारी मी एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं 'इतर'. पालवी 'इतर'मध्ये गेली. कोकिळेचा पहिला आवाज, दुपारच्या वाऱ्याची बदललेली बाजू, फळी हाताला पहिल्यांदा चटका देते तो दिवस, हेही सगळं तिथेच. वर्षाअखेर पाहिलं तर मूळ रकान्यापेक्षा 'इतर'च भरलेला.

मे महिन्याच्या मध्याला ठिपका शून्यावर आला. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा असा सरळ जातो. त्या दुपारी अप्पांनाही हात धरून वर आणलं. सळईची सावली सळईच्या पायात गडप झाली. टाकीच्या पाइपाला सावली नाही. अप्पांच्या पायांशी त्यांच्याच डोक्या-खांद्यांचा एक लहानसा काळा गोळा. ते स्वतःभोवती एकदा फिरले, खाली पाहत. "बरं वाटलं," म्हणाले, "पण आता मला खाली ने, डोकं तापलं." पाच मिनिटांत सोहळा संपला.

आणि मग ती शिक्षा. शून्य ओलांडून ठिपका दक्षिणेला निघाला. सावली दक्षिणेलाही पडू शकते याचा विचारच मी केला नव्हता. कडेला दोनच सेंटिमीटर जागा होती. मे संपायच्या आत ठिपका फळीवरून खाली गच्चीच्या उतारावर पडला आणि माझ्या मोजमापाबाहेर गेला. विटकर लावून फळी लांबवण्याचा एक प्रयत्न केला, पण तोवर आकाश भरून आलं. जूनमधलं दुसरं टोक, सर्वांत मोठा दिवस, ढगांनी गिळला. वहीत जून आणि जुलैची पानं जवळजवळ कोरी आहेत, 'इतर' सोडून. त्यात पावसाचे आवाज लिहिले आहेत, पत्र्यावरचा, पानांवरचा, प्लायवर टाकलेल्या प्लॅस्टिकवरचा. ऐन पावसाळ्यात सूर्य डोक्यावर होता हे कागदावर मान्य करावं लागतं, मनाला ते पटत नाही.

सप्टेंबरात फळी पुन्हा उघडली. आता सगळी वाट उलटी, ठिपका उत्तरेला परत. २१ ऑक्टोबरची खूण करायला गेले तर तिथे आधीच खूण होती, २१ फेब्रुवारीची. बरोबर तीच जागा. सूर्याच्या दृष्टीने हे दोन दिवस जुळे आहेत, तोच कोन, दिवसाची तीच लांबी. खाली मात्र किती फरक! फेब्रुवारीच्या नोंदीत हवा कोरडी, पिंपळ उघडा पडायला लागलेला. ऑक्टोबरच्या नोंदीत पिंपळ हिरवागच्च, जमीन ओली, आणि दुपारी असह्य उकाडा. सूर्याने दिलेली ऊब माती आणि समुद्र लगेच खर्च करत नाहीत. साठवतात, उशिरा सोडतात. म्हणूनच २१ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस असला तरी सर्वांत थंड नसतो. कडाका त्यानंतर काही आठवड्यांनी येतो. सूर्य फिरून गेलेला असतो आणि पृथ्वी अजून जुन्या हिशेबात असते. मला ऋतू हा शब्द तिथे पहिल्यांदा नीट कळला. सूर्य कुठे आहे म्हणजे ऋतू नव्हे. त्याने दिलेलं खाली पोचायला जो वेळ लागतो तो ऋतू.

दक्षिण गोलार्धात राहणाऱ्या मैत्रिणीला मी मोठ्या उत्साहाने फोनवर हे सांगितलं. ती हसली. तिच्याकडे सगळंच उलटं. डिसेंबरात तिची सावली वर्षातली सर्वांत आखूड आणि रात्री नऊपर्यंत उजेड. "तुझा हिवाळा म्हणजे माझा उन्हाळा, एवढ्यासाठी काठी कशाला रोवायला हवी?" तिचं म्हणणं खरं होतं, तरी मला रागच आला. तिकडे नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथे माझी काठी नुसती काठीच राहिली असती.

दुसरा डिसेंबर आला तेव्हा मी तयारीने बसले होते. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त अयनाबद्दल एक सरळ गोष्ट लिहून ठेवली आहे. जुन्या ग्रंथांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितलंय खरं, पण आता ते मकरेच्या आरंभी होतं. आणि खात्री करायची असेल तर उगवत्या-मावळत्या सूर्याचा लांबच्या खुणांशी वेध घ्या, नाहीतर मोठ्या वर्तुळात सावली आत शिरते आणि बाहेर पडते त्या खुणा पाहा. परंपरेने सांगितलं त्याला मान द्यायचा आणि मग गच्चीवर जाऊन मोजायचं, हा स्वभाव मला फार आवडतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांमधून मागे मागे सरकतो. आज त्या दिवशी सूर्य मूळ नक्षत्राच्या आसपास असतो. मकरवृत्ताचं नाव तेवढं जुनं राहिलंय.

तर यंदा मी २१ तारखेची वाटच पाहायची नाही असं ठरवलं. पाचव्या शतकात चीनमध्ये झू चोंगझी या खगोलज्ञाने वापरलेली युक्ती घेतली. वळण पाहायचं नाही. वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे, जिथे सावली अजून वेगाने चालते, तिथे सारखी लांबी गाठायची आणि मधले दिवस निम्मे करायचे. पहिल्या दिवशी वर्तुळावर मध्यान्ह शोधली ती याच रीतीने. तेव्हा हाताशी एक दिवस होता, आता दोन महिने.

४० सेंटिमीटरवर एक आडवी रेघ मारली. २२ नोव्हेंबरला ठिपका तिच्यावर आला आणि दिवसाला तीन मिलिमीटरच्या चालीने पुढे गेला. मधल्या काळात मी रोज वर जात होते, पण मोजायचा ताण नव्हता. उगाच बसायची. दुपारी दीड-दोनला ऊन पाठीवर घेऊन, भिंतीला टेकून. डिसेंबरचं ऊन तिरपं असल्याने भिंतीचा खडबडीतपणा दिसतो, प्रत्येक खड्याला आपली सावली असते. एरवी ती भिंत सपाट दिसते. 'इतर'मध्ये लिहायला काही सुचलं नाही अशा दिवशी मी भिंत लिहिली.

२० जानेवारीला ठिपका ४० च्या रेघेवर परत आला. २२ नोव्हेंबर ते २० जानेवारी, ५९ दिवस. निम्मे साडेएकोणतीस. बोटांवर मोजलं, मग पंचांगासारखं वहीत आडवं मांडून मोजलं. सूर्य फिरला तो २१ आणि २२ डिसेंबरच्या मधल्या रात्री, अर्ध्या दिवसाच्या चुकीसकट.

खाली येऊन अप्पांना सांगितलं. त्यांची खुर्ची तिसऱ्या फरशीच्या अलीकडच्या कडेवर आली होती. "मग मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही बघून कळेल म्हणाला होतात, बघून कळलं नाही, महिन्याभराने कळलं. "बघितलंस म्हणूनच ना," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

त्या रात्री मी वहीत मागे गेले. २१ डिसेंबरचं पान काढलं, सूर्य फिरला त्या दुपारी मी काय लिहिलंय ते पाहायला. सेंटिमीटरच्या रकान्यात ४४.९. 'इतर'मध्ये: टाकीचा नळ गळतोय, प्लंबरला सांगणे. आणि खाली, नेहमीच्या अक्षरात, काल जिथे तिथेच.